न कापणारे पाते

कृष्णा आणि वारणा या दोन नद्यांच्या मधल्या काळ्याभोर मुलखात आष्टा हे गाव वसलेले आहे. १९४९ साली जुन्या सातारा जिल्ह्याचे दोन भाग झाले, तेव्हा ते दक्षिण सातारा जिल्ह्यात गेले. पुढे १९६० साली त्याच जिल्ह्याचे नाव सांगली असे झाले. जिल्ह्याचे नाव बदलले, परंतु मातीचा गुण बदलला नाही. उसाचे फड आणि हळदीची रुंद पाने यांनी आजही तो परिसर हिरवागार दिसतो.

नवरात्र सरत आले, की तेथील घराघरांत खंडेनवमीची गडबड सुरू होते. वर्षभर राबलेल्या अवजारांना या दिवशी विसावा मिळतो आणि मानही मिळतो. कोयते, विळे, खुरपी, कुऱ्हाडी, पहारी सारे धुऊनपुसून ओळीने मांडले जाते. त्यांना हळदकुंकू वाहतात, झेंडूची फुले घालतात. आता दारात ट्रॅक्टर उभा असला, तर त्याच्याही गळ्यात हार पडतो.

अशाच एका खंडेनवमीच्या सकाळी एका शेतकऱ्याच्या घरी सोप्यात अवजारांचा ढीग पडला होता. घरातला सातवीत शिकणारा मुलगा आजोबांच्या शेजारी बसून एकेक अवजार चिंचेने घासत होता. सगळी अवजारे झाल्यावर आजोबा उठले आणि त्यांनी आतल्या खोलीतून कापडात गुंडाळलेली एक लांब वस्तू आणली. ती घराण्यातली जुनी तलवार होती. वर्षातून एकदाच ती बाहेर निघे.

मुलाने मोठ्या उत्साहाने ती हातात घेतली. यंदा प्रथमच आजोबांनी ती पुसण्याचे काम त्याच्याकडे दिले होते. तेलाचा बोळा पात्यावरून फिरवताना त्याने भीतभीतच कडेवर बोट ठेवले आणि तो चकित झाला. तलवारीला धारच नव्हती! टोकापासून मुठीपर्यंत ती पळीच्या कडेसारखी गोल आणि बोथट होती.

"आबा, हिच्याने तर काकडीसुद्धा कापणार नाही. लोहाराकडून धार लावून आणू का?" त्याने विचारले.

आजोबा काही बोलले नाहीत. तेवढ्यात मुलाचे वडील बाहेरून आले. कारखान्याचा गळीत हंगाम तोंडावर आला होता आणि त्यांच्या डोक्यात तेच विचार होते. ते म्हणाले, "धार कशाला लावायची? पोलाद जुने आणि चांगले आहे. मोडून दोन कोयते तरी होतील. आबा, नुसती पुजायला ठेवून तिचा उपयोग काय?"

आजोबांनी तलवार मुलाच्या हातातून घेतली, शांतपणे पाटावर ठेवली आणि तिच्यावर एक फूल वाहिले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. पण कसली तरी जुनी व्यथा होती. मुलाला त्या व्यथेचे कारण अर्धेमुर्धे ठाऊक होते. भिंतीपलीकडे त्याचे धाकटे चुलते राहत असत. शेताच्या बांधावरून दोन वर्षांपूर्वी दोघा भावांत बोलाचाली झाली आणि तेव्हापासून दोन्ही घरांची खंडेनवमी वेगळी होऊ लागली. आजोबांना पलीकडच्या अवजारांवरही फूल वाहावेसे वाटे. परंतु ते कधी बोलून दाखवीत नसत.

वडिलांचा प्रश्न मुलाच्या मनात घोळत राहिला. जे पाते कापत नाही, त्याचा उपयोग काय? दुपारी तो त्याच गल्लीत राहणाऱ्या वृद्ध गुरुजींकडे गेला. गुरुजींनी अनेक वर्षे शाळेत इतिहास शिकवला होता आणि त्यांच्या घरी भिंतीभर पुस्तके होती. मुलाचा प्रश्न ऐकून ते हसले नाहीत. त्यांनी एक जाड पुस्तक काढले आणि त्यातील एक चित्र त्याच्यापुढे धरले.

चित्रात एक लांब, पातळ, हिरवट करड्या रंगाचे पाते होते. त्याचे टोक रुंद होत जाऊन माशाच्या शेपटीसारखे दुभंगलेले होते. खाली मुठीच्या जागी दोन्ही बाजूंना लहान लहान दाते कोरलेले होते. ते लोखंडाचे नव्हते, काशाचेही नव्हते. ते दगडाचे होते.

"हा जेड नावाचा पाषाण," गुरुजी म्हणाले. "चिनी लोक त्याला यू म्हणतात. चीनमध्ये अशी पाती चार हजार वर्षांपूर्वीपासून घडवली जात होती. उत्तरेस शिमाओ, मध्यभागी अरलितौ, नैर्ऋत्येस सानशिंगदुई अशा दूरदूरच्या प्राचीन वसाहतींत ती सापडली आहेत. इतकेच काय, दक्षिणेला व्हिएतनामपर्यंत ती पोहोचली होती."

"मग दगडाच्या पात्याने ते लढत कसे?"

"लढत नसत. हेच तर तुला दाखवायचे आहे."

जेड हा दगड मोठा विलक्षण आहे. त्याच्या अंगात सूक्ष्म तंतू एकमेकांत गुंतलेले असतात, घोंगडीत लोकर गुंतलेली असते तसे. म्हणून तो छिन्नीहातोडीने सहजासहजी फुटत नाही आणि नीट कोरताही येत नाही. त्याला आकार द्यावयाचा, तर एकच उपाय असे, तो म्हणजे घासणे. पाणी आणि कठीण वाळू घ्यावयाची आणि दोरीने किंवा दगडी पट्टीने ती जेडवरून पुढेमागे ओढावयाची. जेड कापला जाई तो दोरीने नव्हे. दोरीबरोबर फिरणाऱ्या वाळूच्या कणांनी. सहाणेवर चंदन उगाळताना गंध किती सावकाश उतरते, हे ज्याने पाहिले आहे त्याला या कामाची थोडीशी कल्पना येईल. चंदनाचे खोड मऊ असते. येथे दगडानेच दगड झिजवावयाचा असे. एकेका पात्यासाठी कारागिराचे किती दिवस आणि किती रात्री खर्ची पडत असतील!

आणि एवढ्या कष्टांनी तयार झालेले ते पाते लढाईच्या कामाचे नसे. हूबेई प्रांतात पानलोंगचेंग येथे १९७४ साली एका थडग्यात जेडचे एक पाते मिळाले. ते तब्बल ९४ सेंटीमीटर लांब आहे. त्या आकाराची काशाची पाती त्या काळी दांड्याला आडवी बसवून लढाईत वापरीत. परंतु हे लांबलचक दगडी पाते उगारून कुणी एक घाव घातला असता, तर शत्रूपेक्षा पात्याचेच तुकडे होण्याचा संभव अधिक. ते घडवणाऱ्याला हे ठाऊक नव्हते काय? पुरते ठाऊक होते. शस्त्राचा आकार द्यावयाचा, पण शस्त्राचे काम द्यावयाचे नाही, असे जाणूनबुजून ठरवूनच ते घडवलेले होते.

मग ते कशासाठी? याचे उत्तर सानशिंगदुई येथे थोडेसे सापडते. सिचुआन प्रांतातील त्या गावी १९२९ च्या सुमारास एक शेतकरी आपल्या घराच्या माणसांसह पाण्याचा पाट खणत असता जेडच्या वस्तूंचा मोठा साठा हाती आला. पुढे १९८६ साली तेथेच वीटभट्टीसाठी माती काढताना दोन मोठे खड्डे उघडे झाले. त्यांत काशाचे प्रचंड मुखवटे, हस्तिदंत आणि जेडची पाती होती. २०१९-२० मध्ये आणखी सहा खड्डे उजेडात आले. या वस्तू तीन हजार वर्षांहून जुन्या आहेत. त्यांतच काशाची एक बोटभर उंचीची मूर्ती मिळाली. तो मनुष्य गुडघे टेकून बसला आहे आणि त्याने दोन्ही हातांत एक दुभंगलेले पाते उभे धरले आहे. त्याने ते उगारलेले नाही, रोखलेले नाही. देवापुढे निरांजन धरावे तसे ते समोर धरले आहे. एका जेडच्या पात्यावर तर ओळीने माणसे आणि डोंगर कोरलेले असून डोंगरांच्या बाजूला अशीच पाती दाखवलेली आहेत. त्यावरून ही पाती पूजेच्या प्रसंगी वापरीत, असे दिसते.

"राजेही अशी पाती वापरीत," गुरुजी पुढे सांगू लागले. "झोउ काळाच्या राजव्यवहारावर 'झोउ ली' नावाचा एक जुना चिनी ग्रंथ आहे. दाते असलेल्या जेडच्या एका राजचिन्हाचा त्यात उल्लेख येतो. ते चिन्ह दाखवले, की सैन्य उभे राही आणि ठाणी त्याची आज्ञा मानीत. त्याच ग्रंथावरून विद्वानांनी चित्रातल्या या पात्यांना 'याझांग' हे नाव दिले."

मुलगा विचारात पडला. ज्याने गवताची काडी तुटणार नाही, त्याच्या दर्शनाने हजारो माणसे उभी राहत! मग बळ कशात होते, दगडात की त्या माणसांच्या मनात?

त्याचा चेहरा पाहून गुरुजी म्हणाले, "एवढे नवल करू नकोस. चीनपर्यंत जाण्याचेही कारण नाही. उद्या दसरा आहे. उद्या साताऱ्याला छत्रपतींच्या घराण्यात भवानी म्हणून पूजिली जाणारी तलवार मिरवणुकीने जलमंदिराहून पोवई नाक्यावर नेतील आणि तेथे तिची पूजा होईल. कुणी तिने लढायला निघालेले नसते. पण तिला पाहायला लोक किती लोटतात! आणि जेजुरीचा खंडा ठाऊक आहे ना? पानसे सरदारांनी तो खंडोबाला वाहिला. वजन सुमारे ४२ किलो. एवढे शस्त्र घेऊन रणात कोण धावेल? तो देवाचा म्हणूनच घडवलेला. दसऱ्याचा सोहळा झाला, की तरणी पोरे तो खंडा एका हाताने पेलून धरतात, कुणी दातांनी उचलतात. त्या शस्त्राने कुणाला जिंकायचे नसते. आपल्याच अंगातल्या बळाची परीक्षा द्यायची असते."

"म्हणजे न कापणाऱ्या शस्त्रांना मान देणे चांगलेच, नाही का गुरुजी?"

गुरुजींनी लगेच होकार दिला नाही. ते म्हणाले, "थोडा थांब. ज्याच्याजवळ पुष्कळ माणसे आणि पुष्कळ धान्य असेल, त्याच राजाला असल्या निरुपयोगी पात्यावर कारागिराचे इतके दिवस खर्च करता येतील. तेव्हा त्या पात्यात राजाचा गर्वही असणारच. ज्याने ते घासले, त्याचे नाव कुणी लिहून ठेवले नाही. आणखी एक गोष्ट सांगतो. सानशिंगदुईच्या खड्ड्यांतल्या पुष्कळशा वस्तू पुरण्यापूर्वी जाळलेल्या आणि फोडलेल्या होत्या. ज्यांनी त्या पुजल्या, त्यांचे कोणतेही लिखाण आपल्याला वाचता येत नाही. ते आपल्या पात्यांना काय म्हणत, हेही गेले. याझांग हे नाव मागाहूनचे. पाते राहिले, त्याचा अर्थ सांगणारा राहिला नाही. शेतकऱ्याच्या कुदळीला ते लागले, तेव्हा तो नुसता एक सुरेख दगड होता."

क्षणभर थांबून त्यांनी पुस्तक मिटले. "कापणाऱ्या कोयत्याला कुणी ओळख सांगावी लागत नाही. न कापणाऱ्या पात्याची मात्र कुणीतरी गोष्ट सांगावी लागते. तुमच्या तलवारीची गोष्ट आजोबांना विचार."

मुलगा घरी आला तेव्हा दिवेलागण झाली होती. आजोबा देव्हाऱ्यासमोर बसले होते. त्याने चीनमधल्या पात्याची सगळी हकिकत त्यांना सांगितली आणि शेवटी विचारले, "आबा, आपली तलवार पहिल्यापासूनच बोथट होती का?"

आजोबा बराच वेळ समईकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "नाही, बाळ. तिला धार होती. माझ्या आजीने ती घालवली."

मुलगा पुढे सरकला. आजोबा सावकाश सांगू लागले. त्यांचे वडील आणि चुलते हे दोघे सख्खे भाऊ. विहीर एकच आणि मोट एकच. एका उन्हाळ्यात पाणी कमी पडले आणि पाण्याच्या पाळीवरून भावाभावांत भांडण झाले. शब्दाने शब्द वाढला. थोरल्याने रागाच्या भरात भिंतीवरची तलवार ओढून काढली. आजी धावत मध्ये आली. पाते तिच्या हातावरून निसटते गेले आणि रक्ताची धार लागली. दोघेही मुलगे जागच्या जागी थिजले. आजी मात्र एक अक्षर बोलली नाही. तिने हाताला फडके बांधले आणि तलवार उचलून परड्यात नेली. तेथे धुण्याचा मोठा काळा दगड होता. रात्रभर ती त्या दगडावर पाणी आणि वाळू घालून तलवारीची धार घासत बसली. घरात कुणालाही झोप आली नाही. तो खरखर आवाज दोघे भाऊ पहाटेपर्यंत ऐकत होते. उजाडल्यावर तिने तलवार आणून देवापुढे ठेवली आणि म्हणाली, "आज ही खरी घरातली झाली. आता हिला दरसाल पुजा."

"परड्यातल्या त्या दगडाला खोल चरे आहेत," मुलगा हळूच म्हणाला. "मला वाटे, पाणी वाहून जावे म्हणून ते पाडले असतील."

"ते तिच्या त्या रात्रीचे आहेत," आजोबा म्हणाले. "वडीलधाऱ्यांची चूक पोरांना काय सांगायची, म्हणून मी गप्प राहिलो. चुकलेच माझे."

उंबऱ्यात सावली हलली. मुलाचे वडील तेथे केव्हा येऊन उभे राहिले होते, ते कुणालाच कळले नव्हते. ते आत आले नाहीत आणि काही बोललेही नाहीत. थोड्या वेळाने परड्यात कंदिलाचा उजेड दिसला. वडील त्या काळ्या दगडाजवळ उकिडवे बसले होते आणि त्याच्यावरच्या चऱ्यांवरून बोट फिरवीत होते.

त्या रात्री मुलाला लवकर झोप लागली नाही. चीनमधला तो अनाम कारागीर आणि आपल्या घराण्यातली ती आजी ही दोन्ही माणसे त्याच्या डोळ्यांपुढे आळीपाळीने येत राहिली. दोघांच्याही हाताशी पाणी होते, वाळू होती आणि दगड होता. एकाने घासघासून दगडाचे पाते केले. दुसरीने घासघासून पात्याची धार नाहीशी केली. एकाने ते राजासाठी केले, दुसरीने आपल्या दोन मुलांसाठी. परंतु दोघांच्याही हातून जी वस्तू तयार झाली, ती कुणाला जखम करण्यासाठी नव्हती.

दुसऱ्या दिवशी दसरा उजाडला. सायंकाळी गावातली माणसे नवे कपडे घालून सीमोल्लंघनाला निघाली. मुलाच्या वडिलांनीही फेटा बांधला. त्यांनी पाटावरची तलवार उचलून कापडात गुंडाळली आणि ती मुलाच्या हाती दिली. दुसऱ्या हाताने त्यांनी आपट्याची पाने घेतली. मुलाला वाटले, आता शिवेकडे जावयाचे. पण वडील दारातून डावीकडे वळले आणि पलीकडच्या दारापाशी उभे राहिले. दोन वर्षे त्या दाराला त्यांनी हात लावला नव्हता. त्या वर्षीचे त्यांचे सीमोल्लंघन केवळ एक भिंत ओलांडण्याचे होते. पण शिवेपर्यंतची वाट त्यांना त्याहून सोपी वाटली असती.

दार उघडले. धाकटे चुलते समोर होते. त्यांची नजर आधी भावाकडे, मग पुतण्याच्या हातातल्या त्या लांब गाठोड्याकडे गेली आणि ते किंचित बिचकले. तेव्हा मुलाने पुढे होऊन कापड सोडले आणि म्हटले, "काका, भिऊ नका. हिला धार नाही. आबांच्या आजीने ती का घालवली, ते तुम्हांला सांगायला आलो आहोत."

चुलत्यांनी वाट दिली आणि मंडळी आत गेली.

बांधाचा वाद त्या एका संध्याकाळी मिटला, असे नाही. पुढे मोजणी झाली, खुणेचे दगड बसले, दोघांनाही थोडेथोडे सोडावे लागले. परंतु त्यानंतरच्या वर्षी दोन्ही घरांची अवजारे एकाच सोप्यात मांडली गेली आणि तलवार मोडून कोयते करण्याची गोष्ट पुन्हा निघाली नाही.

मुलाने आणखी एक काम केले. त्याने वहीच्या एका पानावर तलवारीची सगळी हकिकत सुवाच्य अक्षरांत लिहिली. कुणाची तलवार, कोणत्या कारणाने भांडण झाले, धार कुणी घालवली, ते चरे कोणत्या दगडावर आहेत, हे सारे त्याने नोंदवले. चुकीचे काही राहू नये म्हणून त्याने ते पान आजोबांना दोनदा वाचून दाखवले. मग त्याची घडी करून ती तलवारीच्या कापडात ठेवून दिली. पुढे कधी काळी कुणाच्या हाती ते गाठोडे लागले, तर बोथट कडेवरून बोट फिरवताना त्याला ही नुसती जुनी लोखंडी पट्टी वाटू नये, एवढीच त्याची इच्छा होती.